एका रेघेचे वय

माझा भाचा व्यायामाची साधने बनविणाऱ्या एका नव्या कारखान्यासाठी चिन्ह काढीत आहे. परवा त्याने आपले कागद माझ्यापुढे पसरले. ठळक काळा चौकोन, त्यात एक पांढरी तिरकी फट. नाव नाही, अक्षर नाही. “मामा, काढून टाकता येईल तेवढे सारे काढून टाकले आहे,” तो म्हणाला. आकृती देखणी होती हे कबूल केले पाहिजे. तरीही माझे समाधान झाले नाही, आणि ते का झाले नाही हे सांगण्यासाठी मला नायकीच्या बुटावरील त्या बाकदार रेघेचा आधार घ्यावा लागला.

ही रेघ १९७१ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने काढली. मोबदला ३५ डॉलर. सांगणारे या रकमेपाशीच रेंगाळतात. (१९८३ साली कंपनीने तिला शेअर आणि हिरा जडविलेली सोन्याची अंगठी दिली, उशिरा का होईना!) मला तिची काम करण्याची रीत अधिक मोलाची वाटते. बुटाचे चित्र खाली ठेवून, त्यावर पातळ कागद पसरून ती रेघ ओढून पाही. म्हणजे ही रेघ कोऱ्या कागदावर जन्मलीच नाही. टाच कोठे, बोटे कोठे, पाऊल कोणीकडे पडणार, हे सारे खालून दिसत होते. म्हणूनच बोटांकडील वळणाशी ती भरदार आहे आणि टाचेकडे निमुळती होत जाते. धावणाऱ्याच्या मागे विरत जाणाऱ्या धुळीसारखी.

आदिदासचे तीन पट्टे निराळ्या कुळातले. जर्मनीत आडी डास्लर यांच्या बुटांवर कातड्याच्या पट्ट्या बाजू ताणून सैल पडू नये म्हणून येत. १९४९ साली त्यांतूनच ओळखचिन्ह झाले. त्या पट्ट्यांचा प्रामाणिकपणा मला अधिक भावतो. डेव्हिडसनची रेघ कसलाच भार वाहत नाही. ती नुसता वेगाचा भास देते. पण डोळा लबाड, तो तिच्याकडेच वळतो.

आणि नाव? खुद्द मालक फिल नाइट यांनाही ती रेघ आरंभी फारशी रुचली नव्हती, मग तिच्या एकटीच्या भरवशावर माल विकण्याची गोष्टच नको. नाव तिच्याबरोबर राहिले. आधी घसरत्या वळणाच्या अक्षरांत, पुढे फ्यूचुराच्या ठसठशीत अक्षरांत. १९९५ साली ते गळाले. मधल्या २४ वर्षांत ती रेघ असंख्य पायांवर मळली, घामाने भिजली होती. माझ्या भाच्याने पहिल्याच दिवशी तो अधिकार घेतला आहे, आणि तोही कागदावर.

“हे चिन्ह डंबेलवर कोठे बसणार? मुठीखाली झाकून जाणार, की तोंडावर दिसणार?” मी विचारले.

तो काही बोलला नाही. जाताना मात्र माझी जुनी लोखंडी जोडी मागून घेऊन गेला.