जमलं का, की पुरेल का? : भूमिका-खेळांच्या नियमांतला स्वयंपाक

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकासमोर एकेका काल्पनिक पात्राची माहिती लिहिलेला कागद असतो. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासा टाकला जातो. 'टेबलटॉप रोलप्लेइंग गेम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराला आपण भूमिका-खेळ म्हणू. त्याची जाडजूड नियमपुस्तकं साहित्याच्या अभ्यासकांनीही वाचावीत, असं मला वाटतं. माणसाच्या कोणत्या कृतीला कौशल्य म्हणायचं, कशात जोखीम आहे आणि काय सांगण्याजोगंच नाही, हे कादंबरीकाराला मोघम ठेवता येतं. नियमकर्त्याला ते आकड्यांत लिहावं लागतं. त्याची पारख करायला स्वयंपाकाचं उदाहरण सोयीचं आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली प्रसिद्ध झाला. छोट्या प्रतिकृती मांडून खेळायच्या युद्धखेळांतून तो जन्मला. त्यामुळे तलवार, चिलखत आणि मंत्र यांचा हिशेब त्यात पहिल्यापासून होता. शिध्याची किंमतही होती. तो शिजवणारा हात मात्र नव्हता. पुढे रोजच्या जगण्यातली कौशल्यं खेळात आली, ती 'शस्त्रेतर प्रावीण्यं' या नावाखाली. सुतारकाम, शिवणकाम, स्वयंपाक यांना एकत्र बांधणारा धागा एवढाच, की ती शस्त्रं नव्हेत! १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतला स्वयंपाकाचा नियम मात्र समंजस आहे. जुजबी रांधणं सगळ्यांनाच येतं, असं तो गृहीत धरतो. प्रावीण्य असलेल्यालाही फासा टाकावा लागतो तो एखादी शाही मेजवानी करायची असेल तरच.

त्यानंतरच्या आवृत्त्यांत स्वयंपाकाचं स्थान दर वेळी बदलत गेलं. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत तो 'व्यवसाय' झाला : आठवडाभर काम करा, फासा टाका, येणाऱ्या बेरजेच्या निम्म्या सुवर्णमुद्रा घ्या. म्हणजे मोजली गेली ती मजुरी. २००८च्या चौथ्या आवृत्तीत कौशल्यांची यादी १७वर आली आणि स्वयंपाक तिच्यातून गळाला. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत तो भांड्यांच्या रूपाने परतला. २०१७च्या पुरवणी-पुस्तकाने त्याला काम दिलं ते असं, की विश्रांतीच्या वेळी ही भांडी वापरून केलेल्या जेवणाने स्वयंपाक्याच्या आणि आणखी पाच जणांपर्यंतच्या जखमा थोड्या अधिक भरून येतात. अन्न इथे मलमपट्टी आहे. मेजवानी, मजुरी, मौन, मलमपट्टी : पन्नास वर्षांतली ही चार उत्तरं.

या उत्तरांमागे फाशाचं गणितही आहे. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा येण्याची शक्यता सारखीच असते. पाच गुणांची भर असलेल्या स्वयंपाक्याला दहाचं लक्ष्य गाठायचं असेल, तर १ ते ४ आल्यावर तो चुकतो. म्हणजे पाचातल्या एका दिवशी भात करपणार! १९८६चा 'गर्प्स' हा खेळ सहा बाजूंचे तीन फासे वापरतो. त्यांची बेरीज मधल्या आकड्यांकडे झुकते, म्हणून सरावाच्या हाताला तो अधिक न्याय देतो. १२ कौशल्य असलेल्याला सोप्या कामाची चार गुणांची सवलत मिळाली, की २१६पैकी २१२ वेळा त्याचं काम जमतं. पण हाच खेळ स्वयंपाकाला 'मध्यम' आणि घर सांभाळण्याला 'सोपं' ठरवतो. ज्याने घर सांभाळलं आहे त्याला ही वर्गवारी सहज पटेल असं नाही.

बहुतेक नियमकर्ते यावर सांगतील, की साध्या कामाला फासा टाकायचाच नसतो. हे वाजवी आहे. महाभारताच्या वनपर्वातही असंच आहे. नळ राज्य हरतो ते फाशांवर. पुढे बाहुक नावाने वावरताना दमयंतीला त्याची जी ओळख पटते, तिच्या खुणांपैकी एक म्हणजे त्याने शिजवलेल्या मांसाची चव. कथेत फासे आणि रांधप दोन्ही आहेत, पण त्याची चव जमते की नाही हे कथा फाशांवर सोडत नाही. फरक इतकाच, की तिथे फासा नसूनही स्वयंपाकाने कथा पुढे जाते. खेळाच्या नियमांत फासा गेला की बहुधा स्वयंपाकही जातो.

माझ्या मते चूक प्रश्नात आहे. फासा विचारतो, 'जमलं का?' रोज रांधणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न तो नसतोच. तिचा प्रश्न असतो, 'पुरेल का?' सहा भाकरींचं पीठ आणि खाणारी आठ तोंडं, ऐनवेळी आलेला पाहुणा, महिनाअखेरीचा डबा, आमटीत वाढवलेलं पाणी. खरं कौशल्य इथे पणाला लागतं, आणि चुकलं तर कुणीतरी उपाशी राहतं. नाट्य हवं असेल तर ते इथे आहे.

हा प्रश्न ओळखणारा एक खेळ आहे : थॉर ओलाव्हस्रुड आणि ल्यूक क्रेन यांचा २०१३चा 'टॉर्चबेअरर'. त्यात दर चार खेळ्यांनंतर पात्रांची अवस्था एकेक पायरी ढासळते, आणि पहिली पायरी भूक-तहानेची. झोळीत जागा मोजकी; मशाल ठेवायची, शिधा ठेवायचा की सापडलेला खजिना, हे ठरवावं लागतं. हाती लागलेल्या जिनसांतून शिधा करणारा स्वयंपाकी तिथे तलवारबाजाइतकाच मोलाचा ठरतो. नियमाने स्वयंपाकाची स्तुती केलेली नाही. फक्त टंचाई खरी केली आहे.

तरीही एक रकाना रिकामा आहे. टॉर्चबेअररमध्ये भुकेची पाळी सगळ्यांवर सारखीच येते. घरात तसं नसतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेलं घेऊन शेवटी जेवायला बसणारी बाई 'पुरेल का?'चं उत्तर पुष्कळदा स्वतःच्या ताटातून देते. मी वाचलेल्या एकाही नियमपुस्तकात तिच्यासाठी आकडा नाही.