साखरेला लावलेली खूण

गुळाचा खडा जिभेवर ठेवला की गोडी लगेच कळते. मास स्पेक्ट्रोमीटरसारख्या महागड्या यंत्राला मात्र साखर सहजी दिसत नाही. विद्युतभार असलेला रेणूच हे यंत्र तोलू शकतं, आणि साखर प्रोटॉन धरून ठेवण्यात फार कच्ची. सोडियमला चिकटते, तेही बेभरवशाने. शिवाय पाण्याची इतकी ओढ, की यंत्रात शिरताना उडवलेल्या फवाऱ्याच्या थेंबातून बाहेर पडायलाच तयार नसते. म्हणून तिला आधी एखादी रासायनिक खूण जोडतात. अशा खुणा बऱ्याच आहेत. माझी आवडती पीएमपी, म्हणजे फिनाइल-मिथाइल-पायराझोलोन. जपानच्या सुसुमु होंडा आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये ती साखरांसाठी पुढे आणली.

ती का आवडते, हे कळायला त्याच्याही शंभरेक वर्षं मागे जावं लागतं. बी.एस्सी.ला ओसाझोनचं प्रॅक्टिकल केलेल्यांना उकळत्या पाण्यातली परीक्षानळी आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या, केरसुणीसारख्या पिवळ्या सुया आठवत असतील. एमिल फिशरने 1884 मध्ये फिनाइलहायड्राझिन वापरून साखरेला लावलेली ही खूण. देखणी, पण खोट असलेली. फिनाइलहायड्राझिन पहिल्या कार्बनवर थांबत नाही, दुसऱ्यावरही हात मारतं. ग्लुकोज आणि मॅनोज यांच्यातला सगळा फरक त्या दुसऱ्या कार्बनपाशीच असतो. तो पुसला गेला की ग्लुकोज, मॅनोज, फ्रुक्टोज या तिघांच्या सुया एकसारख्या. (फिशरने त्या एकसारखेपणातूनच तिघांचं नातं ताडलं. मोठ्या माणसाला खोटही कामी येते.)

पीएमपी त्याच घराण्यातली. फिशरचा सहकारी लुडविग क्नोर याने 1883 मध्ये ती बनवली, आणि तीही फिनाइलहायड्राझिनपासूनच. पण हिला मर्यादा कळते. अल्कलीत साधारण 70 अंशांवर तापवलं की पीएमपीचे दोन रेणू साखरेच्या पहिल्याच कार्बनला बिलगतात आणि दुसऱ्याला धक्का लावत नाहीत. ग्लुकोजचं वस्तुमान 180, त्यात पीएमपीचे 174 दोनदा मिळवा, पाण्याचे 18 वजा करा: 510. प्रोटॉन धरून 511. पीएमपीतले नायट्रोजन तो प्रोटॉन सांभाळतात, आणि तिची पाण्याला नकोशी असलेली वलयं साखरेला थेंबाच्या पृष्ठभागावर ओढून आणतात. एकाच जोडणीत दोन्ही अडचणी सुटतात, ही यातली खरी कारागिरी. मॅनोजचाही आकडा 511च. पण दुसरा कार्बन शाबूत असल्याने यंत्राआधी जोडलेल्या, साखरा वेगळ्या करणाऱ्या स्तंभातून मॅनोज आधी बाहेर येतं, ग्लुकोज मागून.

पुढची गंमत जराशी लबाडीची आहे. 511चा आयन फोडला की ठळकपणे उरतो 175चा तुकडा, आणि यंत्र त्याच्यावर नजर ठेवून मोजणी करतं. हा 175 म्हणजे प्रोटॉनसह सुटलेली पीएमपीच! मोजतो साखर म्हणून, बघतो खुणेकडे.

दोषही आहेत. उरलेली पीएमपी क्लोरोफॉर्मने पुन्हापुन्हा धुऊन काढावी लागते, हे कंटाळवाणं काम. दुसरा दोष भुशी धरणावर भिजून आलेल्या मंडळींच्या हातात असतो: लोणावळ्याची चिक्की. तिच्या पाकातली बहुतेक साखर सुक्रोज. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची क्रियाशील टोकं एकमेकांतच गुंतलेली, त्यामुळे पीएमपीला धरायला जागाच नाही. गुळात आधीपासून असलेलं आणि पाक शिजताना सुक्रोज फुटून सुटलेलं ग्लुकोज तेवढं हाती लागेल. फ्रुक्टोज सुटलं तरी उपयोग नाही, कारण त्याच्या पहिल्या कार्बनवर अल्डिहाइड नसतं. म्हणजे समोरचा ढीग सोडून ही बाई चिमूटभर मोजणार.

म्हणून चिक्कीसाठी ती नकोच. पण डिंकासारख्या बहुशर्करा आम्लाने फोडून त्यांतलं मॅनोज किती, ग्लुकोज किती, गॅलॅक्टोज किती, हे वेगवेगळं मोजायचं असेल, तर क्लोरोफॉर्मचा वैताग सोसूनही मी पीएमपीच निवडेन.