हवा पोलादाहून कठीण?

ध्वनीच्या परावर्तनाचा धडा शिकवताना एक वाक्य हमखास येते : ‘कठीण पृष्ठभागावरून ध्वनीचे परावर्तन चांगले होते, मऊ पृष्ठभाग तो शोषून घेतात.’ भिंत आणि पडदा यांच्यापुरते ते निभते. नियम म्हणून मात्र ते चूक आहे.

पाण्यातला ध्वनी सरळ वर, पृष्ठभागापाशी येतो. पलीकडे हवा, म्हणजे अगदीच मऊ. तरीही सुमारे ९९.९ टक्के ऊर्जा पाण्यातच परतते. तोच ध्वनी पोलादाच्या जाड ठोकळ्यावर सरळ आदळला, तर सुमारे ८८ टक्केच परतते. मग हवा पोलादाहून कठीण म्हणायची का?

प्रश्न कठीणपणाचा नाही, तफावतीचा आहे. माध्यमाची घनता आणि त्यातील ध्वनीचा वेग यांचा गुणाकार म्हणजे त्याचा संरोध. पाण्याचा संरोध हवेच्या सुमारे ३६०० पट, पोलादाचा पाण्याच्या सुमारे ३० पट. तफावत मोठी, तितके परावर्तन अधिक. पडदा ध्वनी शोषतो तो सच्छिद्र असतो म्हणून.

सोनोग्राफीपूर्वी त्वचेवर जेल लावतात, कारण मध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी ध्वनी शरीरात जवळजवळ शिरतच नाही. पाठ केलेल्या वाक्यातून विद्यार्थ्याला हे कसे उलगडणार?

त्याऐवजी जाड दोरीला बारीक दोरी बांधा आणि आळीपाळीने दोन्ही टोकांनी झटका द्या. दोन्ही वेळा सांध्यावरून तरंगाचा काही भाग परततो, काही पुढे जातो; बारीक दोरीतून आलेला मात्र उलटा होऊन परततो. मुलांना हे आधी पाहू द्या, नियम नंतर सांगा.