लाभक्षेत्रात बसून 'झाडाझडती' वाचताना

विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' मी पहिल्यांदा पुण्यात, वसतिगृहाच्या खोलीत वाचली. 1991 साली आलेली, 1992चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी. वाचून संपली तेव्हा मी पुरता जांभळीकरांच्या बाजूचा झालो होतो. त्यात काही विशेष नव्हतं. ती वाचणारा प्रत्येक जण होतो. गेल्या उन्हाळ्यात ती पुन्हा हातात घेतली, या वेळी निरगुडसरला, घरी. ओट्यावर बसलं की समोर ऊस दिसतो आणि तो डिंभ्याच्या पाण्याच्या भरवशावर उभा आहे. पन्नासेक पानं झाल्यावर लक्षात आलं की आपण ज्यांच्यासाठी हळहळतो आहोत, त्यांच्यात आपण मोडत नाही. आपण पलीकडचे आहोत. धरणाच्या कागदपत्रांत आमच्यासारख्यांसाठी एक शब्द असतो: लाभक्षेत्र.

डिंभे धरण घोड नदीवर आहे, कुकडी प्रकल्पातलं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव दिलं आहे; ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. आणि ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव म्हणतात, ते मूळ गाव या पाण्याखाली आहे. वरच्या खोऱ्यातली वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची. खाली आमच्याकडे पाणी आलं, ऊस आला, कारखाना आला. हे सगळं आम्हाला शाळेत विकास म्हणून शिकवलं गेलं, आणि तो विकास खोटा नव्हता. माझं शिक्षण त्याच उसावर झालं.

'झाडाझडती'चं बळ कशात आहे, याबद्दल मराठीत बरंच बोललं गेलं आहे. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते तिचं कागदाचं भान. लेखक महसूल खात्यातला अधिकारी असल्यामुळे नोटीस, पंचनामा, मोबदल्याची यादी या गोष्टी तिथे पार्श्वभूमीला नाहीत. माणसाचं आयुष्य ठरवणारी ताकद म्हणून येतात. महाराष्ट्राने 1976 साली पुनर्वसनाचा कायदा केला, मग 1986 आणि 1999 साली नवे कायदे केले. त्यामागची कल्पना न्यायाची होती: ज्यांना पाणी मिळणार त्यांच्या जास्तीच्या जमिनीतून थोडी काढून ज्यांची जमीन पाण्यात गेली त्यांना द्यायची. पण पर्यायी जमिनीसाठी मोबदल्यातले 65 टक्के आधी भरायचे. ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच हातात रोकड मिळाली, आणि तीही हप्त्याहप्त्याने, त्याने ती घर हलवण्यात, आजारपणात, लग्नात खर्च केली तर पुढे जमिनीचा हक्कच लंगडा होतो. असा एक आकडा माणसाला कसा गिळतो, हे 'झाडाझडती' वाचल्यावर कळतं. मराठीत हे काम इतक्या ताकदीने फार थोड्या कादंबऱ्यांनी केलं आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. ज्या गावांत विस्थापितांनी जायचं, ती गावं या कादंबरीत मला आतून दिसत नाहीत. ती आडवी येतात, हाकलतात, पुढाऱ्यांच्या मागे उभी राहतात. हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. एका नातेवाइकाच्या सातबाऱ्यावर 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा होता. तो कसा काढायचा याची खलबतं मी लहानपणी चहाच्या कपासोबत ऐकली आहेत. ज्यांच्यासाठी जमीन राखीव आहे ती माणसं कोण, हे त्या बैठकीत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. पण त्याच बैठकीत दोन-अडीच एकरवाले, वाट्याने करणारे, आणि ज्यांच्या नावावर गुंठाही नाही असे लोकही होते. शेऱ्याला घाबरणारा, शेऱ्याशी देणंघेणं नसलेला आणि शेऱ्याआडून स्वतःचं साधणारा, हे तिघं वेगळे. कादंबरीने त्यांचा एकच जमाव केला. जमाव केला की वाचकाला सोपं जातं. त्याला आपण त्यात नाही असं मानता येतं. मीही वसतिगृहात तसंच मानलं होतं.

दुसरी गोष्ट कामाची. आपल्या धरणसाहित्याने जमीन मोजली, घर मोजलं, देव हलवले, पण हलवलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्या कामाला जातो याकडे त्याने फारसं पाहिलं नाही. पाहिलं तर मजुरी म्हणजे पडझडीची खूण, एवढंच. आंबेगाव-जुन्नरमध्ये याचं उत्तर रोज डोळ्यांसमोर असतं. भाताची आवणी आणि काढणी उरकली की पश्चिम पट्ट्यातली माणसं पूर्वेला उतरतात. कांद्याच्या लागवडीला टेम्पो भरून बाया येतात, कधी रोजाने, कधी उक्तं. दोन वर्षांपूर्वी आमच्या वावरात आलेल्या एका बाईला आईने जेवताना विचारलं, "माहेर कुठलं गं तुझं?" ती म्हणाली, "धरणात गेलं, काकू." आणि भाकरी मोडत राहिली. तिच्या माहेरावरून आलेलं पाणी त्या वेळी आमच्या सरीत चालू होतं. यजमान आणि विस्थापित यांचं खरं नातं हे असं आहे: एकाच बांधावर, संध्याकाळी मोजल्या जाणाऱ्या पैशांचं. त्यात माया असते, उचल असते, दर पाडून मागणंही असतं. कादंबरीला याहून चांगला ऐवज कुठला हवा?

यावर कुणी म्हणेल, कादंबरी म्हणजे रोजगार हमीचा आराखडा नव्हे. मान्य. 1991च्या पुस्तकाला पुढचं सगळं कसं माहीत असणार, हेही मान्य. पण पुढचं घडलं आहे, आणि ते कमी नाट्यमय नाही. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत' संस्थेसोबत डिंभ्याच्या काठच्या आदिवासींनी जलाशयातली मासेमारी स्वतःच्या सहकारी संस्थेकडे आणली. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसायला मिळावी म्हणून ते भांडले. वरच्या उतारांवर पडकई केली, म्हणजे सगळ्यांनी मिळून दगडी बांध घालून भातखाचरं काढायची, ही तिथली जुनी रीत. 2012 साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ज्याने गाव बुडवलं त्याच पाण्यात जाळं टाकायला शिकायचं, तेही पिढ्यान्‌पिढ्या भात करणाऱ्याने. त्या पहिल्या दिवशी होडीत बसताना माणसाला काय वाटलं असेल? मला अहवाल नको आहे, ते होडीत बसणं हवं आहे. शोकांतिकेचा साचा मात्र त्याला मध्येच थांबवतो. गाव बुडालं की तिथला माणूस लेखनापुरता संपतो.

आलेल्या माणसांमुळे भोवतालचा मुलूखही बदलतो, हे महाराष्ट्राने फाळणीनंतर पाहिलं आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943पासून काही वर्षं पाचेक हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले, आणि आज ते गांधीनगर म्हणजे कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. आजूबाजूच्या गावांना त्यात गिऱ्हाईक म्हणूनही जागा मिळाली आणि कामगार म्हणूनही. अर्थात तुलना फार ताणू नये. सिंध्यांकडे व्यापाराचा अनुभव होता आणि शहर हाकेच्या अंतरावर होतं. कोळ्याला मिळाला तो धरणग्रस्ताचा दाखला आणि बाजारापासून लांबची जमीन, तीही मिळाली तर. आणखी एक फरक मला जास्त टोचतो. आमच्याकडे पाणी आधी पोचलं. माणसं नंतर आली, आणि आली ती मजूर म्हणून. त्यांच्याकडून आपण काय घेतलं आहे हे विसरायला आम्हाला मधली वर्षं पुरेशी झाली.

त्या दाखल्यावर सरकारी नोकरभरतीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. कांद्याला आलेल्या त्या बाईचा मुलगा मंचरला खोली घेऊन पोलीस भरतीची तयारी करतो. आजोळ त्याने पाहिलेलं नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो, एवढं त्याला आईकडून माहीत. आईला न्यायला तो एकदा घरी आला होता, तेव्हा ओट्यावर 'झाडाझडती' पडली होती. चाळत म्हणाला, "दादा, हे आमच्यावर आहे का?" मी म्हटलं, "तुमच्यावर आहे, आमच्यावरही आहे थोडं." तुमचा भाग कुठला, असं त्याने विचारलं, तेव्हा मला पान काढून दाखवता येईना. पुस्तक अजून त्याच्याकडेच आहे. निम्मं झालंय म्हणतो. मैदानी चाचणी झाली की उरलेलं वाचणार आहे.