वाळलेल्या थेंबाचा फोटो काय सांगत नाही

पीएच.डी.चे पहिले सात महिने मी एका फोटोच्या मागे घालवले. काम साधंच होतं. सोन्याच्या साधारण १० नॅनोमीटरच्या कणांचं कलिल द्रावण सिलिकॉनच्या तुकड्यावर टाकायचं, वाळू द्यायचं आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. एप्रिलमध्ये एका कोपऱ्यात कण अगदी मधाच्या पोळ्यासारखे ओळीने बसलेले दिसले. मी खूश! ग्रुप मीटिंगमध्ये 'बाष्पीभवनातून स्वयंरचना' अशा शीर्षकाखाली स्लाइड दाखवली. गाइडनी एकच प्रश्न विचारला, "बाकीच्या थेंबात काय आहे?" मला उत्तर देता आलं नाही. जुलैत तोच प्रयोग पुन्हा केला तर ती रचना मिळेना. त्या दिवसांतली आर्द्रता किती होती, थेंब किती वेळात वाळला, यातलं काहीही मी वहीत लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर या विषयातले गाजलेले पेपर मी पुन्हा वाचले, या वेळी फोटो झाकून. त्यातल्या तिघांबद्दल आज लिहितोय, कारण संशोधनाकडे वळताना पेपर 'वाचणं' म्हणजे काय हे मला त्यांतून कळलं.

पहिला पेपर रॉबर्ट डीगन आणि शिकागो विद्यापीठातल्या सहकाऱ्यांचा, 'नेचर' मध्ये १९९७ साली आलेला, जेमतेम तीन पानांचा. प्रश्न कुणालाही पडेल असा: कॉफीचा थेंब वाळल्यावर डाग कडेलाच गडद का होतो? उत्तर असं, की थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून बसते, आत सरकत नाही. कडेवरून बाष्पीभवन सगळ्यात जोरात होतं. टोकदार वाहकावर विद्युतभार टोकाशी जास्त साठतो ना, गणित तेच. कडेचं पाणी उडून जातं पण कड हलत नाही, म्हणजे ती तूट मधल्या पाण्याने भरून काढायला हवी. ते पाणी बाहेरच्या दिशेने वाहतं आणि कणांना सोबत घेऊन जातं.

हे खरं तर फक्त स्पष्टीकरण झालं. पेपर मोठा ठरतो तो पुढच्या पायरीमुळे. कड्यात जमणारं वस्तुमान वेळेनुसार कसं वाढेल याचं भाकीत लेखक करतात, आणि ते द्रव, कण किंवा पृष्ठभाग कोणता यावर अवलंबून नाही असं म्हणतात. मग थेंब वाळत असताना मोजमाप करून ते तपासतात. शिवाय थेंबावर झाकण ठेवून मध्यभागी फक्त एक बारीक छिद्र ठेवलं तर बाष्पीभवन मधूनच होतं, आणि कडं तयारच होत नाही. आपलं म्हणणं कुठे मोडू शकतं ते शोधून नेमका तिथेच प्रयोग करायचा, ही सवय या तीन पानांतून उचलावी.

एक आकडेमोड तुम्हीही करून बघा. १० नॅनोमीटर व्यासाच्या कणाचा पाण्यातला विसरण गुणांक स्टोक्स-आइन्स्टाइनच्या सूत्राने साधारण ४ × १०⁻¹¹ चौरस मीटर प्रति सेकंद येतो. म्हणजे नुसत्या विसरणाने १ मिलिमीटर जायला त्याला सुमारे तीन तास लागतील. मायक्रोलीटरभर पाणी त्याच्या कितीतरी आधी वाळून जातं. कण कुठे पोचणार हे प्रवाह ठरवतो, कणाची मर्जी नाही. मग याला 'स्वयं'रचना म्हणायचं का? इथेच माझं या क्षेत्राशी भांडण सुरू होतं.

डीगनचा पेपर कड्यात किती माल जमतो ते सांगतो. तो माल आत कसा रचला जातो, याबद्दल तो काही म्हणत नाही. त्याच्या दृष्टीने कण हे निव्वळ प्रवासी. हा त्या पेपरचा दोष नाही, त्याची हद्द आहे. दोष आपला आहे. प्रस्तावनेच्या पहिल्या वाक्यात डीगनचा संदर्भ द्यायचा आणि तिसऱ्या परिच्छेदात 'म्हणून कण सुव्यवस्थित रचले जातात' असं लिहायचं. मधली पायरी कुणी दिलीच नाही, मीसुद्धा नाही.

ती पायरी २०११ मध्ये आल्वारो मारिन आणि नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' मध्ये दिली. त्यांना एकाच कड्यात दोन वस्त्या दिसल्या: बाहेरच्या बाजूला स्फटिकासारख्या शिस्तीत बसलेले कण आणि आतल्या बाजूला नुसता ढीग. कारण वेगात आहे. थेंब संपत येतो तसा तो चपटा होत जातो, आणि उरलेल्या पातळ थरातून तेवढीच तूट भरायची असल्याने प्रवाहाचा वेग शेवटी प्रचंड वाढतो. सुरुवातीला आलेल्या कणांना हलत-डुलत जागा शोधायला सवड मिळते. शेवटच्या क्षणी आलेल्यांची अवस्था संध्याकाळी सहाच्या विरार लोकलसारखी. दारात जिथे पाय टेकला तिथेच उभं राहायचं!

म्हणजे जे बाष्पीभवन कणांना एकत्र आणतं, तेच त्यांची रांगही मोडतं. माझा एप्रिलचा कोपरा कड्याच्या कोणत्या बाजूचा होता? माहीत नाही. मी फक्त सुंदर जागेचा फोटो काढला होता.

पण हा पेपरही डोळे मिटून वापरू नका. त्यातले कण मायक्रोमीटरच्या घरातले आहेत. स्वतःच्या आकाराइतकं अंतर विसरणाने जायला लागणारा वेळ त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. अर्धा मायक्रोमीटर त्रिज्येच्या कणाला साधारण अर्धा सेकंद लागतो, ५ नॅनोमीटर त्रिज्येच्या कणाला त्याचा दहा लाखावा भाग. एवढ्या चपळ कणाला 'जागा शोधायला सवड मिळाली नाही' हे कारण सहजासहजी लागू पडणार नाही. तिथे अव्यवस्था दिसली तर कणांमधलं आकर्षण, पृष्ठभागावरच्या रेणूंचं आवरण, कण एकमेकांना कायमचे चिकटतात का, हे आधी तपासायला हवं. नॅनोकणांच्या पेपरमध्ये मारिनचा संदर्भ दिसला की मी आता पहिल्यांदा हा हिशोब शोधतो.

तिसरा पेपर माझ्या आणखी एका समजुतीला धक्का देणारा. 'हळू वाळवलं की रचना चांगली येते' असं लॅबमध्ये सगळेच म्हणतात. २००६ मध्ये 'नेचर मटेरियल्स' मध्ये टेरी बिगिओनी आणि सहकाऱ्यांनी टोल्युइनमधल्या सोन्याच्या नॅनोकणांवर काम प्रसिद्ध केलं. डीगनच्या पेपरमधले थॉमस विटन या लेखकांतही आहेत. इथे कण कडेला न जाता द्रव आणि हवेच्या सीमेवर एकपदरी थर बांधतात, आणि बाष्पीभवन जलद असणं त्याला मदतच करतं. अट एवढीच, की कण त्या सीमेकडे ओढले जायला हवेत. त्यासाठी द्रावणात डोडेकेनथायॉल जास्तीचं असणं निर्णायक ठरलं. लेखकांनी थराची बेटं वाढताना सूक्ष्मदर्शकातून पाहिली, नुसती वाळल्यावर नाही.

तीनही पेपरांत समान काय, तर घड्याळ. सगळ्यांनी थेंब वाळत असताना पाहिलं. 'बाष्पीभवनातून स्वयंरचना' असं शीर्षक मिरवणाऱ्या पेपरमध्ये बऱ्याचदा फक्त शेवट दिसतो, आणि शेवटावरून गोष्ट रचली जाते. तोच फोटो प्रवाहाने, आकर्षणाने किंवा सुकताना पडलेल्या ताणानेही आलेला असू शकतो.

नेट-सेट करून लॅबमध्ये जाल तेव्हा असा फोटो समोर आला तर तीन गोष्टी विचारा: पूर्ण थेंबाचा फोटो कुठे आहे? वाळायला किती वेळ लागला? आणि कशात बदल केला असता हे दिसलं नसतं? उत्तर नसेल तर तो पेपर वाईट आहे असं नाही, पण त्याचा निष्कर्ष अजून ओला आहे.

माझ्या वहीत आता तापमान, आर्द्रता आणि वाळण्याचा वेळ यांचे तीन रकाने आहेत. पोळ्यासारखी रचना परत मिळाली, पण थेंबाच्या छोट्याशा भागात. गाइडना या वेळी पूर्ण थेंबाचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "हं, आता सुरुवात झाली."