स्वादुपिंडातील द्रवयुक्त गाठी : सीटी स्कॅन निदानाची चिकित्सा

स्वादुपिंडातील प्रत्येक द्रवयुक्त गाठीस स्वादुपिंडदाहोत्तर ‘स्यूडोसिस्ट’ समजणे धोक्याचे आहे. कारण त्यांपैकी काही गाठी कर्करोगात परिवर्तित होऊ शकतात. सीटी स्कॅनमध्ये मधाच्या पोळ्यासारखे सूक्ष्म कप्पे व मध्यभागी कॅल्शियम साचलेला तंतुमय वण दिसल्यास गाठ बहुधा निरुपद्रवी सीरस प्रकारची असते. म्युसिनस गाठ प्रायः स्त्रियांमध्ये, स्वादुपिंडाच्या मध्य वा शेपटीकडील भागात आढळते. तिच्या कडेवरील कॅल्शियम संशय वाढविते. आयपीएमएन या नलिकाजन्य प्रकारात मुख्य नलिका १० मिलिमीटर वा अधिक रुंदावणे गंभीर मानले जाते.

केवळ आकारमानाचा निकष मात्र अपुरा ठरतो. शाखानलिकेतील ३ सेंटिमीटरहून मोठी गाठ काढावी, असे २००६ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी सुचविले होते. २०१२ च्या फुकुओका तत्त्वांनी तेवढ्या आकारास केवळ चिंताजनक लक्षण मानले. स्वादुपिंडदाहाचे पूर्ववृत्त नसेल, तर स्यूडोसिस्टचे निदान संशयास्पद ठरते. म्हणून अवसरी बुद्रुकसारख्या गावातून पुण्यास तपासणीसाठी जाणाऱ्या रुग्णासोबत पूर्वीच्या आजाराची लेखी नोंद असावी. अन्यथा अनावश्यक शस्त्रक्रिया किंवा दुर्लक्षित कर्करोग, हे दोन्ही धोके संभवतात.