टीव्ही नक्की कुठल्या सालचा? एका आठवणीची चिकित्सा

'१९८२ च्या एशियाडसाठी आमच्या वडिलांनी कलर टीव्ही आणला आणि अख्खी आळी आमच्या घरात लोटली.' हे वाक्य माझ्या आजोबांवर निघालेल्या घरगुती स्मरणिकेतलं आहे. लेखक माझे काका. पण असंच वाक्य तुम्ही आणखी कुणाच्या तरी लेखातही वाचलं असेल. पहिल्या कलर टीव्हीच्या आठवणींचा आता साचाच झालाय: एशियाड, लाकडी शटर, छपरावरचा अँटेना, रविवारचं रामायण. काकांचा लेख वाचायला खरंच छान आहे, भाषा गोड आहे. तरी संशोधनाच्या वाटेवर असलेल्या तुम्ही तो एकदा पुरावा म्हणून वाचून बघा. व्हायवात विचारतात तोच प्रश्न त्याला विचारा: हे कशावरून?

आधी साल. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झालं. त्या वर्षीचा १५ ऑगस्टचा सोहळा रंगीत दिसला, नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ झाले. म्हणजे काकांचं विधान अशक्य नाही. पण 'अशक्य नाही' म्हणजे 'झालं' नव्हे. लोकांना घरातली साल आठवत नाहीत, देशातली आठवतात. मग फ्रिज, लग्न, टीव्ही, सगळं जवळच्या मोठ्या घटनेला चिकटतं.

लेखातच एक जागा अशी आहे की तिथे थांबायला हवं. काका म्हणतात, याच टीव्हीवर आम्ही 'चिमणराव' रंगीत पाहिलं. मुंबई दूरदर्शनची ती मालिका १९७० च्या दशकातली. तेव्हा आपल्याकडे रंगीत प्रक्षेपणच नव्हतं, सगळं कृष्णधवल. मग रंग आला कुठून? काका खोटं बोलतात असं समजू नका. त्या काळी कृष्णधवल टीव्हीच्या काचेपुढे रंगीत प्लास्टिकचा कागद लावायची पद्धत होती. वर निळा, खाली हिरवा. आकाश आणि गवत असलं तर ठीक, एरवी बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं! आमच्याकडेही तो होता, हे आत्याने सांगितलं. म्हणजे काकांच्या आठवणीत बहुधा दोन टीव्ही आहेत आणि लेखात त्यांचा एकच झालाय. लाकडी शटरवरूनही काही ठरत नाही, ते दोन्ही प्रकारच्या टीव्हींना असायचं.

आता वस्तू. टीव्ही अजून माळ्यावर आहे, पुढची नावाची पट्टी निघून गेलीय. जुन्या वस्तूंचे शौकीन पुढचा फोटो बघून कंपनी सांगतात, मला ती घाई आवडत नाही. सुरुवातीच्या वर्षांत नाव भारतीय आणि आतली पिक्चर ट्यूब परदेशी, हे सर्रास होतं. पुढून कळते ती विक्रेत्याची गोष्ट. मागून कळते ती बनावटीची.

मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. रंगीत ट्यूबला २० हजार व्होल्टच्या वर दाब लागतो, आणि प्लग काढल्यावरही तो चार्ज ट्यूबमध्ये राहू शकतो. आम्ही जुन्या टीव्ही मेकॅनिककडून उघडून घेतला. आत ४.४३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल मिळाला. हा पाल पद्धतीतल्या रंगाच्या संदेशासाठी लागतो, तेव्हा संच रंगीतच. मग आयसी पाहिले. बऱ्याच आयसींवर चार अंकी तारीख असते: पहिले दोन अंक साल, पुढचे दोन आठवडा. आमच्या बोर्डावर तीन वेगवेगळ्या जागी ८६१९, ८६२८ आणि ८६३१ सापडले. एकच असता तर म्हटलं असतं, दुरुस्तीत बदलला असेल. इथे तिन्हींची सोल्डरिंग मूळची दिसते आणि आकडे एकमेकांजवळ आहेत. म्हणजे संच १९८६ च्या ३१ व्या आठवड्याआधी तयार झालेला नाही. यातून फक्त अलीकडची हद्द मिळते. दुकानात किती दिवस पडून होता, हे बोर्ड सांगत नाही.

इथवर आल्यावर सायन्सवाल्यांना (मीही त्यातलीच) मोह होतो की आठवणी टाकून द्याव्यात, आयसी बोलतोय ना! हेही कच्चंच वाचन. आत्याच्या दोन आठवणी मी बोर्डाइतक्याच वजनाच्या मानते. एक, बटण दाबलं की टीव्ही क्षणभर 'धुंऽ' करायचा. दोन, माझ्या बाबांनी काचेला लोहचुंबक लावला तेव्हा कोपऱ्यात जांभळा डाग राहिला आणि त्यांना मार बसला. रंगीत ट्यूबमध्ये तीन रंगांचे झोत जाळीतून नेमक्या ठिपक्यांवर पडावे लागतात. जाळी चुंबकीय झाली की रंग भरकटतो. तो दोष घालवण्यासाठी सुरू होताना एका कॉइलमधून प्रवाह सोडतात, तोच तो आवाज. आत्याला यातलं काही ठाऊक नाही. म्हणूनच ही साक्ष भक्कम: ती कुठल्याही साच्यातून आलेली नाही.

आता खरा मुद्दा. स्मरणिकेत टीव्ही आजोबांनी आणला. आत्या म्हणते, हप्ते माझ्या पगारातून गेले. ती शाळेत शिक्षिका म्हणून लागली जून १९८६ मध्ये. साल १९८२ धरलं की ती कॉलेजात असते आणि तिचं म्हणणं वाचकाला आपोआप खोटं वाटतं. कुणी तिला खोटं पाडायला बसलं नव्हतं, एका तारखेने ते काम केलं. घरच्या इतिहासात कमावत्या मुली बहुतेक अशाच गळतात. काकांच्या लेखावर माझा आक्षेप हा आहे, चिमणरावाचा नाही.

पण बोर्डाने आत्याचं म्हणणं सिद्ध केलं असंही लिहू नका. त्याने ते फक्त शक्य केलं. १९८६ नंतर आजोबाही टीव्ही आणू शकत होते. त्यासाठी वेगळा कागद हवा. दुकानाची पावती नाही. शिक्षकांच्या पतसंस्थेचं आत्याचं पासबुक आहे, त्यात नोव्हेंबर १९८६ पासून दरमहा सारखी रक्कम वळती झालेली दिसते, बारा महिने. कशासाठी, ते लिहिलेलं नाही. काकांना मी पासबुक आणि आयसींचे फोटो दोन्ही पाठवलेत. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती दिवाळीत निघणार आहे.